मचाणावरची जागल : धाकट्या बहिणीशी हितगुज

अगं, या बुद्धपौर्णिमेला टिपेश्वरच्या मचाणावर रात्र काढायची असं तू मनात घेतलंस आणि घरात एकच प्रश्न सुरू झाला : वाघ दिसेल का? तो दिसू नये म्हणून आई देवाला हात जोडतेय, तो दिसावा म्हणून तू जोडते आहेस. मला मात्र तू नेमका प्रश्न विचारलास, "ताई, बॅगेत काय काय भरू?" ते सगळं सांगते. पण त्याआधी एक गोष्ट ऐक. ती मनात पक्की बसली तर बॅगही नीट भरशील आणि रात्रही नीट निघेल. मचाण ही राखणीची जागा आहे. त्या एका रात्रीपुरती तू तिथे राखणीला बसणार आहेस. वाघ बघायला म्हणून बसलीस तर दोन तासांत कंटाळशील आणि उरलेली रात्र घड्याळ बघत काढशील. राखणीला बसलीस तर प्रत्येक आवाजाशी तुझा संबंध असेल.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे काम काही नवं नाही. ज्याचं वावर जंगलाला लागून आहे तो माणूस पीक उभं असेपर्यंत रात्री जागलीला जातो. धुऱ्यावर चार बल्ल्या रोवून केलेला माळा, हातात बॅटरी, आणि रोही नाहीतर रानडुकरं शिरली की बडवायला पत्र्याचा डबा. पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या भागात बाप-लेक पाळी लावून जागतात. 2018 साली टी-1 वाघिणीच्या धास्तीने राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वावरात पाऊल टाकणंही जिवावरचं झालं होतं. त्या वर्षीच्या 2 नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली. लोक तिला अवनी म्हणून ओळखतात. त्या काळात त्या गावांनी जे सोसलं ते, आणि त्या वाघिणीची पिल्लं आईविना राहिली ते, दोन्ही मनाला लागणारं आहे. तू ज्या अनुभवासाठी पैसे भरून निघालीस तो तिथल्या माणसाच्या रोजच्या पोटापाण्याचा भाग आहे, एवढं ध्यानात ठेवून शिडी चढ. मग गेटवर भेटणाऱ्या वनमजुराशी, गाईडशी तुझं बोलणं आपोआप नीट होईल.

आता जागा कशी आहे ते सांगते. टिपेश्वर 1997 साली अभयारण्य झालं. क्षेत्र 148.63 चौरस किलोमीटर, म्हणजे तसं लहानच. टिपाई देवीवरून नाव पडलं. यवतमाळहून पांढरकवडा साधारण सत्तर किलोमीटर, आणि तिथून सुन्ना गेट अगदी जवळ. माथनीकडूनही आत जाता येतं. जंगल सागाचं. सोबत ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस, सालई. याच लहानशा जंगलात जन्मलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये स्वतःचं रान शोधत निघाला. फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर बसवली होती म्हणून त्याचा माग लागला. यवतमाळमधून तेलंगणात, तिथून परत महाराष्ट्रात, शेतं, रस्ते, नाले ओलांडत तो वर्षाच्या शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तो तेराशे किलोमीटरच्या वर चालला होता. त्याला वॉकर हे नाव पडलं. हे तुला एवढ्यासाठी सांगते की अभयारण्याची हद्द कागदावर असते. वाघ, वणवा आणि पाणी तिन्ही ती हद्द मानत नाहीत. टिपेश्वरला जागा मिळाली नाही तर उमरखेडकडच्या पैनगंगा अभयारण्याचीही चौकशी कर. तिथेही मचाणं असतात, आणि गर्दी कमी.

बुद्धपौर्णिमाच का, तर वैशाखात जंगलातले नाले आटलेले असतात. पाणी उरतं ते मोजक्या पाणवठ्यांवर. काही नैसर्गिक, काही वनविभागाने बांधलेले, सिमेंटचे उथळ, सौरपंपाने भरले जाणारे. प्राण्याला पाण्यावर यावंच लागतं, आणि पुनवेच्या उजेडात तो बॅटरीशिवाय दिसतो. पूर्वी या रात्रीच्या नोंदींना प्राणीगणना म्हणायचे. पण एकच चितळांचा कळप संध्याकाळी एका पाण्यावर आणि पहाटे दुसऱ्या पाण्यावर गेला तर तो दोनदा मोजला जातो, त्यामुळे या मोजणीवरून संख्या ठरवता येत नाही. वाघांचा देशपातळीवरचा अंदाज 2006 पासून दर चार वर्षांनी वेगळ्या शास्त्रीय पद्धतीने, मुख्यतः कॅमेरा ट्रॅप लावून घेतला जातो. त्यामुळे वनविभाग या रात्रीला आता निसर्गानुभव म्हणतो. तरी तुझ्या हातात नोंदीचा तक्ता देतात. तो मन लावून भर. कोणत्या पाणवठ्यावर कोण, किती वाजता, कोणत्या बाजूने आलं, पिल्लू सोबत होतं का, हे कळलं की पुढच्या उन्हाळ्यात कुठलं पाणी आधी भरायचं ते ठरवायला मदत होते. काही आलं नाही तर "काही आलं नाही" हेही लिही. रिकाम्या पाण्याचीही माहिती कामाची असते.

नोंदणीचं म्हणशील तर वनविभाग दरवर्षी आधी सूचना काढतो. शुल्क, वयाची अट, एका मचाणावर किती जण, कोणती कागदपत्रं, हे त्या वर्षीच्या सूचनेत असतं तेच खरं मान. मागच्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नकोस. दुपारी गेटवर हजर व्हायचं, तिथून गाडीने मचाणापर्यंत सोडतात. ऊन उतरायच्या आत तू वर असशील. त्यानंतर सकाळी गाडी येईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. या नियमाला काही म्हणजे काही अपवाद नाही. मोबाइल खाली पडला, पाण्याची बाटली पडली, समोर चिटपाखरू नाही असं वाटलं, तरी नाही. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोब्यात स्वाती ढुमणे या वनरक्षक व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणावर असताना वाघिणीने त्यांना मारलं. रोज जंगलात वावरणारी, कर्तव्यावर असलेली बाई होती ती. तिच्या आठवणीला मान द्यायचा असेल तर आपण शिडीवरून उतरायचं नाही.

आता आगीचं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण मचाणावर गेलेली माणसं वाघाचं बोलतात आणि आगीचं कुणी बोलत नाही. आपल्याकडे 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात. तू जाशील तेव्हा तो भरात असेल. साग पानं टाकून मोकळा झालेला असतो आणि खाली पाचोळ्याचा थर साचलेला असतो. सागाचं पान रुंद, वाळलं की कागदासारखं पेट घेतं. आपल्याकडची आग झाडाच्या शेंड्यावरून धावत नाही, ती जमिनीलगत सरकते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मोठी झाडं तर उभीच आहेत, काय बिघडलं? बिघडतं ते खाली. सागाची, ऐनाची वीतभर रोपं जळतात. खवल्या मांजर, सरडे, साप, कासवं आगीत सापडतात. रातवा घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, आणि टिटवीही तशीच. त्यांच्या विणीचे महिने आणि वणव्याचे महिने एकच. पाचोळा जळून जमीन उघडी पडते आणि मृगाच्या पहिल्या सरीत वरची माती नाल्यात जाते. म्हणजे पाणीही मुरत नाही. तू ज्या पाणवठ्यावर बसणार आहेस तो कोरडा पडण्यामागे मागच्या उन्हाळ्यांतली आगही असते.

आग बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच लागते, पण त्या माणसाला झटकन गुन्हेगार ठरवू नकोस. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं टपकतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि ती आग सरकत जंगलात जाते. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बाईसाठी त्या फुलांवर घरातला खर्च अवलंबून असतो. मोहाखाली जाळी बांधली किंवा पाचोळा झाडून बाजूला केला तर आगीची गरज उरत नाही, आणि फुलंही स्वच्छ मिळतात. त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम येतो. शेतात पऱ्हाटी उपटून ढीग पेटवतात, धुरे पेटवतात, वारा फिरला की ठिणगी कुंपण ओलांडते. आणि काही वेळा कारण निव्वळ विझवली नाही अशी एक बिडी असते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 30 प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा पेटती सोडणं हा गुन्हा आहे. म्हणून तुझ्या सोबतच्या कुणाच्याही खिशात काडेपेटी, लायटर, डास पळवायची कॉईल नको. गेटवर तपासतील तेव्हा तपासतील, तू घरीच तपास.

या आगीशी लढणारी माणसं तुला सकाळी भेटतील. हंगाम सुरू व्हायच्या आधी ती जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून, त्यावरचं गवत आपणच जाळून टाकतात, म्हणजे आग आली तरी तिला पुढे खायला काही मिळत नाही. आता पाचोळा उडवायची ब्लोअर यंत्रं आली आहेत. ती पाठीवर घेऊन 43-44 अंशांत चालणं काय असतं याची कल्पना कर. बाकी अजूनही हिरव्या फांद्यांनी झोडपूनच आग विझवतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना थेट मोबाइलवर पाठवते. पण उपग्रह सतत डोक्यावर नसतो. ज्याच्यावर जास्त भिस्त असते तो दुपारी दीडच्या आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास वरून जातो. तिन्हीसांजेला लागलेली लहानशी आग त्याला दिसेपर्यंत बरीच पसरलेली असते. मधल्या वेळेत कामाला येतात ते उंचावर बसलेले डोळे. एका मनोऱ्यावरून धुराची दिशा कळते. दोन मनोऱ्यांवरून पाहिलं आणि दोन्ही दिशांच्या रेषा नकाशावर ओढल्या, तर त्या जिथे छेदतात तिथे आग. जगभर हेच गणित चालत आलं आहे.

तुला एका बाईची गोष्ट सांगते. 1913 मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ जंगलात, एडी गल्च नावाच्या ठाण्यावर, आगीवर नजर ठेवायला हॅली डॅगेट हिला नेमलं. त्या खात्यात हे काम करणारी ती पहिली स्त्री. डोंगरमाथ्यावर लाकडी खोली, खाली अफाट रान, आणि धूर दिसला की कळवायला टेलिफोन. एकटी बाई तिथे टिकेल का, रात्री घाबरून खाली येईल का, अशी शंका लोकांना होती. ती वर्षानुवर्षे तिथे उन्हाळे काढत राहिली. आपल्याकडे आज वनरक्षकांमध्ये कितीतरी मुली आहेत. बीटवर एकट्या फिरतात, आग विझवायला जातात, संरक्षण कुटीत राहतात. तुझ्या मचाणाच्या सोबतीला अशी कुणी असेल तर तिला काम कसं चालतं ते विचार. रात्री नको, सकाळी.

आगीची दिशा तुलाही सांगता यावी म्हणून वर बसल्यावर पहिल्या तासात, उजेड आहे तोवर, चारी दिशांच्या खुणा मनात पक्क्या कर. या बाजूला टेकडी, त्या बाजूला वाळलेला मोठा ऐन, इकडे गाडीरस्ता. रात्री क्षितिजावर तांबूस रेघ दिसली, किंवा जळक्या पाचोळ्याचा वास आला, तर आधी सोबतच्या कर्मचाऱ्याला हळूच सांग, वेळ आणि दिशा तक्त्यावर लिही, आणि जागेवर बस. पुढचं तो वायरलेसवर कळवेल. आपण धावायचं नाही.

आता बॅग. कपडे खाकी, मातकट, हिरवट, सुती, पूर्ण बाह्यांचे. पांढरं नको, चांदण्यात तेच आधी दिसतं. खसखस वाजणारं जॅकेट नको. अत्तर, सुवासिक तेल, पावडर, गजरा काही नको. प्राण्यांसाठी नको आणि मधमाश्यांसाठीही नको. बांगड्या आणि पैंजण घरी काढून ठेव. बूट घोट्यापर्यंतचे. ते वरच ठेव, आणि सकाळी घालण्याआधी झटक, कारण विंचवाला अंधारी उबदार जागा आवडते. पहाटे अंगावर घ्यायला पातळ चादर. बसायला जाड सतरंजी, कारण फळ्या आणि लोखंडी पट्ट्या तासाभरात टोचायला लागतात. लहान बॅटरी आण आणि तिच्यावर लाल कागद लाव. ती फक्त लिहिण्यासाठी, पाणवठ्यावर मारायला नाही. दुर्बीण असेल तर आठ बाय चाळीसच्या जवळपासची. अंधारात जास्त मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा जास्त उजेड घेणारी कामाला येते. मोबाइल बंद. नेटवर्क बहुतेक नसतंच, आणि पडद्याचा उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडला की समोरच्या जनावराला तू दिव्यासारखी दिसतेस.

जेवण बिनवासाचं आणि बिनआवाजाचं. दशम्या, गूळ-शेंगदाणे, सातूचं पीठ, खजूर. ठेचा, लोणचं, कांदा, आंबे हे घरी आल्यावर खा. चिप्सचं पाकीट अजिबात नको. मध्यरात्री ते उघडलं की शेजारच्या मचाणालाही कळेल. सगळं सुती कापडात बांध. गोड पदार्थांचा डबा घट्ट झाकणाचा असू दे, कारण अस्वलाचं नाक तीक्ष्ण असतं आणि ते झाडावर चढतं. खडीसाखर आणि दोन-चार लवंगा मात्र हाताशी ठेव. घशात खवखवलं तर एका खोकल्याने तासाभराची शांतता जाते. सर्दी-खोकला असेल तर या वर्षी जाऊ नकोस, पुढच्या वर्षी जा. दमा, रक्तदाब, साखर यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचार आणि औषधं वेगळ्या खिशात ठेव.

पाणी. हे मोठी बहीण म्हणून जोर देऊन सांगते, कारण मुली इथेच चुकतात. लघवीला जायची सोय नाही म्हणून दुपारपासून पाणीच प्यायचं नाही, असं पुष्कळ जणी करतात. मे महिन्यातल्या यवतमाळच्या उन्हात हे फार धोक्याचं आहे. चक्कर, उलटी, उष्माघात, नंतर लघवीची जळजळ. माणशी चार-पाच लिटर पाणी न्यायचं, सोबत ओआरएसची पाकिटं किंवा मीठ-साखरेचं पाणी, आणि थोडं थोडं पीत राहायचं. सोयीचं नियोजन आधी कर. गेटवर शेवटचं जाऊन ये. बायकांसाठी मिळणारं नरसाळं किंवा एकदा वापरायची पिशवी सोबत ठेव आणि घरी एकदा वापरून बघ. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली वेगळी आण. दोन गडद ओढण्या आण, मैत्रिणीने धरल्या की आडोसा होतो. हे नको वाटत असेल तर मोठ्यांसाठीचा डायपर घाल. रात्रभर खाली उतरता येत नाही तेव्हा यात लाजण्यासारखं काहीच नाही. पाळीचे दिवस आले तर जायचं की नाही हे तुझ्या अंगात किती त्राण आहे त्यावर ठरव. वापरलेले पॅड दुहेरी पिशवीत बांधून परत आण. जे वर नेलंस ते सगळं खाली आलं पाहिजे, कागदाचा कपटाही मागे नको.

सोबत कोण आहे याचाही नीट विचार कर. तिथे तुला पळून जायला जागा नसते, म्हणून ज्याच्या शेजारी बसून तू निर्धास्त राहू शकतेस त्याच्याबरोबरच जा. दोघी मैत्रिणी असाल तर उत्तम. मचाणाचा क्रमांक आणि गेटचं नाव घरी सांगून ठेव. रात्रभर फोन लागणार नाही, म्हणून काळजी करू नका, हेही आईला आधीच सांग. मचाण वाटून देताना कुणाबरोबर अवघडल्यासारखं वाटलं तर तिथेच, गेटवरच, स्पष्ट सांग आणि बदलून माग. भीड बाळगू नकोस. गटात कुणी दारू आणली असेल तर त्याच्याबरोबर मचाणावर चढायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो.

मे महिन्यात आपल्याकडे अवकाळीही येतो. निघायच्या दिवशी पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं "दामिनी" ॲप बघ, ते वीज पडण्याचा इशारा देतं. वर असताना गडगडाट सुरू झाला तर लोखंडी कठड्याला हात लावून बसू नकोस आणि कर्मचारी सांगेल तसं कर. वनविभागाने त्या रात्रीचा कार्यक्रमच रद्द केला तर हट्ट धरू नकोस.

आणि रात्र. पावणेसातच्या सुमारास सूर्य बुडतो आणि त्याच वेळी समोरून पुनवेचा चंद्र वर येतो. आधी मोर येतात, मग चितळ, बिचकत, चार पावलं पुढे दोन मागे. अंधारल्यावर रातव्याचं चक-चक-चक सुरू होतं. रानडुकरं आवाज करत येतात, सांबर आवाज न करता येतं. वाघ आला तर तो बहुतेकदा तुला आधी ऐकू येईल, तेही दुसऱ्यांच्या तोंडून. वानर खाकरतं, चितळ तीक्ष्ण आवाजात कुकारतं, सांबर भारी आवाजात ढोंक करतं. चितळ उगीचही ओरडतं. पण सांबर पुन्हा पुन्हा ओरडायला लागलं तर श्वास धरून बस. उन्हाने तापलेला वाघ पुष्कळदा पाठमोरा पाण्यात उतरतो आणि मान बाहेर ठेवून बसून राहतो. पाय आखडला, कूस बदलायची असेल तर वाऱ्याची झुळूक येऊन पानं वाजेपर्यंत थांब आणि त्या आवाजात हल. मध्यरात्रीनंतर, एक ते तीनच्या दरम्यान, झोप फार जड येते. दोघी असाल तर आळीपाळीने जागा. एकीचे डोळे कायम पाण्यावर. जागलीला जाणारी बापलेकं हेच करतात.

भीती वाटेल. वाटू दे. आवाज कुणाचा आहे हे कळलं की ती उतरते, म्हणून जाण्याआधी आठवडाभर रातवा, पिंगळा, टिटवी, चितळ, सांबर यांचे आवाज ऐकून ठेव. काहीच दिसलं नाही म्हणून हिरमुसू नकोस. सायाळ दिसली, रानमांजर दिसलं, एखादं भेकर पाणी पिऊन गेलं, तरी तू जंगलाचं खरं घरकाम बघितलंस.

सकाळी उतरल्यावर लगेच गाडीत बसून परतू नकोस. ज्या माणसाने तुझ्यासोबत रात्र जागून काढली त्याचे आभार मान, तक्ता पुरा करून त्याच्या हाती दे, आणि एक रात्र तू जे केलंस ते फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत करणाऱ्या वनमजुरांबद्दल घरी, कॉलेजात, मैत्रिणींमध्ये बोल. वाघाच्या फोटोपेक्षा ते जास्त कामाचं आहे. आपल्या शेताचे धुरे, पऱ्हाटीचे ढीग वाऱ्याच्या दिवशी पेटवू नयेत हे बाबांना आणि काकांना तूच सांगू शकतेस. तू मचाणावर बसून आलेली असशील, तर ते तुझं ऐकतील.

आणि एक शेवटचं. वनविभागाचा 1926 हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये टाक. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. पांढरकवड्याच्या रस्त्याने जाताना, एसटीच्या खिडकीतून, कुठेही जंगलात धूर दिसला तर कुणीतरी कळवलं असेल असं समजू नकोस. तूच फोन कर, जवळचं गाव आणि दिशा सांग. मचाणावरून उतरलीस तरी राखण संपत नाही, पोरी. नीट जा, नीट ये, आणि पुढच्या वर्षी तुझ्याहून धाकट्या एखादीला सोबत घेऊन जा.